संगणकाच्या मुलींनी भूगोल मागितला

अन्याय आम्हा दोघींवर झाला. द्वितीय वर्षाच्या पहिल्या सोमवारी, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी, कॉलेजच्या ऑफिसातल्या तीन नंबरच्या खिडकीवर. वेळ मला नक्की माहीत आहे, कारण खिडकीच्या वर घड्याळ होतं आणि आतले क्लार्क आमचे फॉर्म परत ढकलत होते तेव्हा मी त्या घड्याळाकडे बघत होते. त्यांच्या तोंडाकडे बघितलं असतं तर काहीतरी बोलून बसले असते.

"हे चालणार नाही. कॉम्प्युटरवाल्यांना मॅथ्स, स्टॅट्स, नायतर इलेक्ट्रॉनिक्स. तिघांतलं एक लिहा."

"भूगोल का नाही?"

"भूगोल आर्ट्सचा."

"पण आमच्या फॉर्मवर तर फक्त 'दुय्यम विषय' असं लिहिलंय. पुढे जागा रिकामी आहे. कुठला चालणार नाही ते कुठे छापलंय?"

"छापायला कशाला पायजे? असंच असतं ते." मग ते जरा नरमले. माणूस तसे वाईट नव्हते. "हे बघ बाय, सोपा विषय घेऊन मार्क काढायचे असतात ते मला कळतं. पण कॉम्प्युटरच्या मुलींनी भूगोल घेऊन करायचं काय? नद्या मोजणार?"

मागच्या रांगेतली चार पोरं हसली. माझी मैत्रीण, जिच्यासकट हा 'आम्ही दोघी' शब्द होतो, तीही हसली. तिचं हसू कुठेही फुटायचं, हा तिचा एकच दोष. मी मात्र तापले होते. नद्यांचं जाऊ द्या. मला डाचला तो 'सोपा' हा शब्द.

नव्वदचं दशक तेव्हा अर्ध्यावर आलं होतं. वाशीतल्या आमच्या कॉलेजात संगणकशास्त्र नुकतं सुरू झालेलं. वर्गात आम्ही चाळीस जण, मशिनं बारा, त्यातली दोन कायम आजारी. मुख्य विषयासोबत दुसऱ्या वर्षी एक दुय्यम विषय घ्यायचा असे. सगळे त्याला मायनर म्हणत. बहुतेकांनी मायनर सुट्टीतच ठरवून टाकलेला. ठरवला म्हणजे काय, कुणाच्या मामानं, कुणाच्या शेजारच्या काकांनी सांगितलं की स्टॅट्स घे, स्कोप आहे. 'स्कोप' हा त्या काळचा देव होता. सोसायटीच्या जिन्यात दोन बाप भेटले की एकमेकांना स्कोप विचारायचे.

मला भूगोल का हवा होता ते सांगते. आमचं गाव जुईनगरच्या पलीकडे, खाडीला लागून. नवं शहर यायच्या आधीपासूनचं. आमच्या गावाच्या समितीचं एक खोलीचं ऑफिस होतं, तिथे नव्या शहरासाठी गेलेल्या जमिनींच्या मोबदल्याच्या सभा व्हायच्या. अकरावीपासून मी तिथे पत्रकं लिहायचे, स्टेन्सिल कापायचे, सायक्लोस्टाइलची शाई कोपरापर्यंत लावून घरी जायचे. त्या ऑफिसच्या भिंतीवर नव्या शहराचा मोठा नकाशा टांगलेला होता. त्यात सेक्टर होते, रस्ते होते, अजून न बांधलेली उद्यानंसुद्धा हिरवी रंगवलेली होती. आमचं गाव होतं तिथे पांढरं होतं. काहीच नव्हतं. माझ्या बापाची होडी, आमच्या सतरा घरांची आळी, देऊळ, मासळी सुकवायची ओटी, सगळं त्या पांढऱ्यात. मला नकाशा काढायला शिकायचं होतं. असा, की त्यात आम्ही दिसू.

मैत्रीण उरणकडची, कोकणी मुसलमान. तिच्या वडिलांचा लाकडाचा व्यापार. द्रोणागिरीच्या बाजूला गोदामं उभी राहायला लागली तसे ते तिला वाशीत मावशीकडे ठेवून शिकवत होते. तिला भूगोल का हवा, असं मी एकदा विचारलं तर म्हणाली, "आवडतो. तुला काय कारण लिहून देऊ, अर्जासारखं?"

मी खिडकीवरून सरळ ग्रंथालयाच्या मागच्या जिन्यात गेले आणि पत्रक लिहिलं. एका बैठकीत. मथळा होता, 'हा कुठला कायदा?' त्यात विभागप्रमुखांना मी 'विषयांचे जमीनदार' म्हटलं होतं. 'विद्यार्थ्यांची बुद्धी तुमच्या तीन गोठ्यांत बांधण्याचा अधिकार तुम्हाला कोणी दिला?' असंही एक वाक्य होतं. मैत्रिणीनं वाचलं.

"गोठा काढ," ती म्हणाली. "आपण काय म्हशी हाओत?"

मी काढला नाही. संध्याकाळी समितीच्या मशिनीवर शंभर प्रती काढल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दोघींनी गेटवर वाटल्या. पोरं घेत होती, वाचत होती, त्यातली निम्मी त्याची विमानं करत होती. दुपारी बोलावणं आलं.

विभागप्रमुख सर देशावरचे. बारीक, टापटीप, सदऱ्याच्या खिशाला दोन पेनं. त्यांची सगळ्यात मोठी भीती धूळ. लॅबमध्ये चपला बाहेर काढायच्या, पायमोजे असले तर तेही झटकायचे, खडू आत आणायचा नाही. ते टेबलामागे बसले होते आणि समोर माझं पत्रक होतं. त्यावर त्यांनी लाल पेन चालवलं होतं. दोन शुद्धलेखनाच्या चुका दुरुस्त केल्या होत्या आणि 'गोठ्यांत'भोवती गोल काढला होता.

"भाषा चांगली आहे," सर म्हणाले. "मुद्दा कुठे आहे?"

"सर, मुद्दा हा आहे की..."

"तुम्ही विचारलंय कायदा कोणता. कायदा नाही. मी शोधला. प्रथा आहे." ते थोडे ओशाळले, पण लगेच सावरले. "प्रथेलाही कारण असतं. मायनर मुख्य विषयाला पूरक हवा. भूगोलाचा आणि संगणकाचा संबंध काय?"

"आहे ना, सर."

"मग दाखवा. पत्रक नको. प्रोग्राम दाखवा. विषय बदलायची मुदत संपायच्या दिवसापर्यंत. चालला तर मी सही करतो."

बाहेर येऊन मी म्हटलं, "बघितलंस? जमीनदार." मैत्रीण म्हणाली, "जमीनदारानं परीक्षा घेतली काय कधी? चल, भूगोलाच्या बाईंकडे."

भूगोलाचा विभाग म्हणजे आर्ट्सच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरची एक खोली. भिंतीला गुंडाळलेले नकाशे, एक पृथ्वीगोल ज्याचा आस वाकलेला, आणि एकट्या बाई. संगणकाच्या दोन मुली भूगोल मागतायत हे ऐकून त्यांनी आधी दार लावलं, मग आम्हाला डब्यातली शेंगदाण्याची चिक्की दिली. इतका आनंद मी शिक्षकाच्या तोंडावर निकालाच्या दिवशीही पाहिला नव्हता.

"संबंध दाखवायचाय ना?" बाई म्हणाल्या. "अगं, तू खाडीवर राहतेस. भरती किती वाजता येते हे तुझ्या घरी कोणाला तरी कळतंच की. कसं कळतं ते विचारून ये."

मी घरी येऊन बाबांना विचारलं. बाबा चौथी शिकलेले. पावसाळ्यात होडी काठावर उलटी पडलेली असायची आणि बाबा तिच्या सावलीत.

"त्यात काय हाय?" ते म्हणाले. "तिथीची पाऊणपट. जी तिथी असंल ती पाऊणकीत घाल, तेवढं वाजता पानी पुरा भरतंय. एक पाऊणे पाऊण, बे पाऊणे दीड, तीन पाऊणे सव्वादोन..."

ते थांबलेच नाहीत. पंधरापर्यंत गेले. शाळेत पाऊणकी गेली कधीच, आम्हाला कुणी शिकवली नाही. बाबांना त्यांच्या बापानं होडीत वल्हं मारता मारता पाठ करून घेतली होती. अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणजे सहाला भरती. पुनवेला नि अवसेला सव्वाअकराला. आमची अख्खी आळी या एका पाढ्यावर पाण्यात जायची आणि परत यायची.

मी आनंदानं वेडी झाले. हे तर एका ओळीचं सूत्र! तिथी गुणिले तीन, भागिले चार. दुसऱ्या दिवशी सरांना सांगितलं तर त्यांचेही डोळे चमकले, पण माणूस पक्का.

"भरतीची वेळ पेपरात छापून येते. ती बघून प्रोग्राम लिहिलात तर मला कसं कळणार?"

"नाही बघणार, सर."

"पंचांगही नाही. कॅलेंडरही नाही. एक दिवस द्यायचा मशीनला, गुढीपाडवा. तिथून पुढच्या तिथ्या त्यानंच मोजायच्या, वेळ त्यानंच काढायची. मग आपण खाडीवर जाऊन बघू."

"तुम्ही याल खाडीवर?"

"वाशीत सहा वर्षं राहतो," सर म्हणाले. "पुलावरून बघितलीय."

सहा वर्षं! खाडी त्यांच्या बिल्डिंगपासून रिक्षानं दहा मिनिटांवर. मी हे त्यांना तोंडावर बोलले नाही, पण मनातल्या पत्रकात लिहून ठेवलं.

मग आमचे पंधरा दिवस गेले ते असे की आजही आठवले की बरं वाटतं. लॅबमध्ये एका मशिनीवर दोघींना तासभर मिळायचा. दाराबाहेर चपलांचा ढीग, आत गार हवा, हिरवी अक्षरं. सी भाषेत लिहायचं, चालवायचं, चुकायचं, फ्लॉपीवर भरायचं आणि पुढच्या जोडीला खुर्ची द्यायची. ती टाइप करायची कारण तिची बोटं जलद. मी मागे उभी राहून सांगायचे. कधी भांडायचो.

असंच एकदा तिनं टाइप करता करता हात थांबवला. "महिना किती दिवसांचा धरू?"

"तीस."

"कायम तीस? आमच्यात कधी एकोणतीस, कधी तीस. चांद दिसला तर दुसरा महिना."

"तुमच्यात चंद्र बघावा लागतो. आमच्यात पंधरा नि पंधरा तीस. शुद्ध आणि वद्य. दुसरीतल्या पोराला पाठ असतं."

"चंद्र दोन आहेत काय गो, एक तुमचा नि एक आमचा?"

"टाइप कर."

तिनं खांदे उडवले आणि तीस टाइप केलं. हे भांडण मी मुद्दाम पुरं लिहिते आहे. यात कोण बरोबर होतं ते नोंदलं जावं.

प्रोग्राम झाल्यावर आम्ही तो तपासला. पाडव्यापासून पुढे रामनवमी काढली, नवमीच आली. हनुमान जयंती काढली, पौर्णिमा आली. आम्ही खुर्चीवरच एकमेकींना मिठी मारली आणि शेजारच्या मशिनीवरच्या मुलानं श्श केलं. बरोबर आहे म्हटल्यावर आणखी कशाला बघायचं? वचन दिलेलं. पंधरा दिवस मी पेपराचं ते पान उघडलं नाही. घरच्या कॅलेंडरसमोरून जाताना मान वळवायचे. आई म्हणायची, "हिच्या मानेला काय झालंय?"

मुदतीचा शेवटचा दिवस शुक्रवार होता. ऑफिसची खिडकी पाचला बंद होणार होती. मशीननं छापून दिलं: आज तृतीया, पूर्ण भरती दुपारी दोन वाजून पंधरा मिनिटांनी. तो कागद सरांनी स्वतः घडी घालून पाकिटात घातला आणि पाकीट माझ्याकडे दिलं.

दीड वाजता आम्ही चौघं दोन रिक्षांतून गावच्या जेट्टीवर उतरलो. सर, बाई, मी आणि मैत्रीण. जेट्टी म्हणजे दगड रचलेला एक उतार, पुढे चिखल. सरांनी चिखलाकडे पाहिलं, मग बुटांकडे.

"काढा, सर," मी म्हटलं. "आमच्या लॅबलाही चपला बाहेरच काढायच्या असतात."

बाई इतक्या मोठ्यानं हसल्या की काठावरचे बगळे उडाले. सरांनी बूट काढले, मोजे काढून बुटात नीट खोचले, पँट दोन घड्या वर केली आणि पहिलं पाऊल टाकलं. चिखल बोटांतून वर आला तसा त्यांचा चेहरा लहान पोरासारखा झाला.

बाबा उलट्या होडीला टेकून बसले होते. त्यांनी उठून सरांना नमस्कार केला. "या, मास्तर." सरांना आजवर कुणी मास्तर म्हटलं नसावं. त्यांना ते आवडलं.

"आज काम नाही का?" सरांनी विचारलं.

"आज हत्यार हातात धरायचा नाय," बाबा म्हणाले. मी ते ऐकलं आणि सोडून दिलं.

होडी बांधायच्या खुंट्याला बाबांनी आमच्यासाठी लाल चिंधी बांधून ठेवली होती. पाणी तिला लागलं की तिथून पुढे किती चढतं ते बघायचं. आम्ही दगडांवर बसलो. आईनं दिलेला डबा मी उघडला. हळदीच्या पानात उकडलेल्या पातोळ्या, गूळखोबऱ्याच्या. अजून कोमट. पान उलगडलं की त्या वासानं माणूस आपलं नावसुद्धा विसरेल. सरांनी एक घेतली, मग विचारून दुसरी. मैत्रीण पान चाटत होती. दोन वाजले. पाणी चिंधीला लागलं. सव्वादोन वाजले. सरांनी घड्याळ बघितलं.

पाणी थांबलं नाही.

दोन वीस झाले. पाणी चिंधीवरून वर गेलं. दोन पंचवीस. खुंट्याभोवती एक काटकी फिरत होती, तीही जमिनीकडेच सरकत होती. समुद्राकडे जायचं नाव नाही.

"अजून चढतंय," सर म्हणाले.

"तुमचं घड्याळ पुढे असेल, सर."

"माझं घड्याळ सकाळच्या बातम्यांशी लावलेलं आहे."

अडीच वाजले. पाचला खिडकी बंद. मी कागद हातात घेऊन उभी, आणि ते पाणी आपलं शांतपणे, घाई न करता, मला खोटं पाडत वर येत होतं. पत्रकात तुम्ही काहीही लिहू शकता. खाडीला पत्रक वाचता येत नाही.

सरांनी बाबांना विचारलं, "किती वाजता भरेल?"

"पाच पाऊणे पावणेचार," बाबा म्हणाले. क्षणाचाही विचार नाही.

"पाच? पाच कशाचे?"

बाबांनी आधी सरांकडे, मग माझ्याकडे पाहिलं. मग सरांच्या हातातल्या पातोळीच्या पानाकडे बोट केलं. "मास्तर, आज पंचमी. नागपंचमी! सकाळधरनं घरात पाटावर नाग काढलाय. मी चाकू धरला नाय. तुमी चौघं मगापासून नागोबाचा नैवेद खाताव नि कागद बोलतो तीज?"

सरांच्या हातात अर्धी पातोळी होती. बाईंच्या तोंडात एक होती.

नागपंचमी आहे हे मला माहीत होतं. सकाळी पाटासमोर मी हात जोडले होते, पातोळ्यांचा डबा मीच भरला होता. पण तो घरातला सण होता आणि तिथी ही माझ्या मशिनीतली गोष्ट होती. या दोन गोष्टी माझ्या डोक्यात एकमेकींना भेटल्याच नव्हत्या.

पहिल्यांदा फुटली मैत्रीण. ती दगडावरून खाली चिखलात बसली आणि हसत राहिली. "तीस!" ती म्हणत होती. "कायम तीस! दुसरीतल्या पोराला पाठ असतं! अगो, दोन दिवस कुठे टाकलेस?" मग बाई, मग बाबा, मग मीही. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. त्या पाण्यातलं थोडं खरं रडू होतं, हे कबूल करते, कारण भूगोल गेलाच असं मला वाटत होतं.

सर हसत नव्हते. त्यांनी माझ्या हातून कागद घेतला, होडीच्या पाठीवर ठेवला, खिशातलं पेन काढलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर आकडे मांडायला लागले. "पाडव्यापासून चार महिने. तीसनं एकशेवीस. चंद्राचा महिना साडेएकोणतीसच्या जरा वर. एकशे अठरा." त्यांनी मान वर केली. "दोन दिवस. दोन तिथ्या. दीड तास. चूक अगदी बरोबर सापडली!" एवढ्या आनंदानं त्यांनी हे सांगितलं की जणू बक्षीस त्यांनाच लागलं होतं. मग त्यांना आठवलं आपण कशाला आलोय, आणि ते गंभीर झाले. "पण प्रोग्राम चुकला. आपलं ठरलं होतं, चालला तर सही."

"सर," बाई म्हणाल्या. त्यांनी पान बाजूला ठेवलं, हात पदराला पुसले. "प्रोग्राममधली कुठली ओळ चुकली?"

"ओळ कुठलीच नाही. गृहीतक चुकलं. चंद्राचा महिना."

"चंद्राचा महिना कुठल्या विषयात शिकवतात?"

सरांनी पेनाचं टोपण लावलं.

"हिला तुमचं सगळं येतं," बाई म्हणाल्या. "माझं येत नाही. म्हणून पाणी दीड तास चुकलं. प्रोग्राम बरोबर आला असता तर तुम्हीच म्हणाला असता, हिला भूगोल येतोच, शिकायची गरज काय? आता बोला."

बाबांना यातलं किती कळलं माहीत नाही, पण ते होडीवर थाप मारून म्हणाले, "बरोबर बोलल्या बाई."

सरांनी खाडीकडे बघितलं. पाणी आता दगडाच्या पायरीला आलं होतं, आणि समोरच्या तिवरांची खोडं दिसेनाशी झाली होती, नुसते शेंडे. "पावणेचारपर्यंत थांबू," ते म्हणाले. "बाबांचं तरी बरोबर येतं का बघू."

आम्ही थांबलो. बाबांनी सरांना वारा कुठला, कमी पाण्याची भांग कधी, उधाण कधी ते सांगितलं आणि सर विद्यार्थ्यासारखे प्रश्न विचारत राहिले. पावणेचारला दोन मिनिटं असताना ती काटकी खुंट्यापाशी येऊन थबकली. पाणी थांबलं. खाडी काठोकाठ, एकही सुरकुती नाही. मग काटकी हळूच वळली आणि समुद्राकडे निघाली. सुकती लागली.

"काय माणसं!" सर म्हणाले. कुणाला उद्देशून ते कळलं नाही. मग वळून, "फॉर्म कुठे आहेत?"

फॉर्म माझ्या पिशवीत, प्लॅस्टिकमध्ये, पंधरा दिवस. उलट्या होडीच्या पाठीवर ठेवून सरांनी दोन्हींवर सही केली. डांबराचा एक काळा डाग माझ्या फॉर्मच्या कोपऱ्याला लागला. विषयाच्या रिकाम्या जागेत त्यांनी स्वतःच्या हातानं 'भूगोल' लिहिलं आणि पुढे कंसात 'पूरक' असं. हा 'पूरक' कुणी मागितला नव्हता. आपला आब राखायला त्यांना तेवढा हवा होता, आम्ही दिला.

मग रिक्षा मिळेना. चार वाजून गेले. शेवटी गावातला भाजीचा टेम्पो वाशीच्या मार्केटला रिकामा चालला होता, त्यात मागे आम्ही चौघं. सर बूट हातात घेऊन, गुडघ्यापर्यंत चिखलाचे, बाई पदर खोचून, आणि मैत्रीण प्रत्येक वळणावर ओरडत, "तीस! एकतीस! बत्तीस!" कॉलेजच्या गेटवर वॉचमननं सरांना ओळखलंच नाही. खिडकीवर पोचलो तेव्हा पाचला दहा कमी होते. क्लार्कनी फॉर्म बघितले, सही बघितली, डाग बघितला, मग सरांचे पाय बघितले.

"नद्या मोजून आलात वाटतं," ते म्हणाले आणि शिक्का मारला. त्यांच्या तोंडावर हसू होतं. मी त्या दिवशी त्यांना माफ केलं.

भूगोलाच्या पहिल्या तासाला बाईंनी भिंतीवरचा नकाशा उलगडला तेव्हा त्यातून दोन वर्षांची धूळ पडली. आम्ही दोघी आणि आर्ट्सचे नऊ जण, खोली भरली म्हणून बाई दारात उभ्या राहून शिकवत होत्या. त्या वर्षी मी साखळी घेऊन आमची आळी मोजली. सतरा घरं, देऊळ, ओटी, जेट्टी. मैत्रिणीनं त्याचे आकडे मशीनमध्ये भरले आणि लॅबच्या प्रिंटरनं ठिपक्या-ठिपक्यांचा एक नकाशा काढून दिला, वेडावाकडा, पण आमचा. तो समितीच्या भिंतीवर त्या मोठ्या नकाशाच्या पांढऱ्या जागेवर टाचणीनं लावलाय. सरांनी पुढच्याच वर्षी फळ्यावर लिहून टाकलं, संगणकाच्या विद्यार्थ्यांना कुठलाही मायनर खुला. स्वतःच्या अक्षरात, तारखेसकट.

आम्हाला वाटलं, जिंकलो. इथेच हा मजकूर संपायला हवा होता.

पण गेली तीन वर्षं मी जूनमध्ये कॉलेजच्या गेटबाहेर टेबल टाकून दुसऱ्या वर्षाला येणाऱ्या मुलांना फॉर्म भरायला मदत करते, आणि काय बघते ते तुम्हाला सांगणं भाग आहे. ऑफिस आता कुणालाही अडवत नाही. फॉर्म घेऊन बाप येतात. मुलगी एक पाऊल मागे उभी. विषयाची जागा आधीच भरलेली, बापाच्या किंवा काकाच्या अक्षरात. मी मुलीला विचारते, तुला काय आवडतं? बाप म्हणतो, स्टॅट्स. मी म्हणते, काका, मी तिला विचारलं. एका मुलीनं मागच्या वर्षी हळूच 'संगीत' म्हटलं आणि तिचा बाप माझ्यावरच हसला, अगदी खिडकीवरच्या पोरांसारखा. आम्ही दोघींनी सरांशी भांडण जिंकलं कारण सर खाडीवर आले, चिखलात उतरले आणि चूक स्वतःच्या डोळ्यांनी बघितली. बापहो, तुम्ही तुमच्या मुलीच्या बाबतीत तेवढंही केलेलं नाही. तिला काय आवडतं हे बघायला तुम्ही कुठे गेला होतात?

फॉर्म भरायला अजून आठवडा आहे. आज घरी गेल्यावर तिचा फॉर्म कपाटातून काढा. तुम्ही लिहिलेला विषय तुमच्याच हातानं खोडा, पेन तिला द्या, आणि ती लिहून होईपर्यंत खोलीच्या बाहेर जाऊन बसा.